पागेत ठेवलेली काडतुसं

जिनसीवाले हे आडनाव ऐकलं की पुण्याकडच्या माणसाला वाटतं, यांचं किराणा मालाचं दुकान असणार. उज्जैनच्या जुन्या माणसाला तसं वाटत नाही. जिनसी म्हणजे शिंद्यांचा तोफखाना. दारू, गोळे, बंदुका आणि त्यांची दुरुस्ती, सगळं एका आवारात. विनायकरावांचे पणजोबा त्या जिनसीत काडतुसं वळायचे, म्हणून हे आडनाव चिकटलं. पुढे तोफा गेल्या, तोफखाना गेला, पण घराण्याचा हात काडतुसांवरून निघाला नाही. पणजोबा, आजोबा, वडील आणि मग विनायकराव. त्यानंतर कोणी नव्हतं. एकुलती एक मुलगी, सुलू, ती इंदूरला दिलेली.

विनायकराव नोकरीला होते सरदार नेवरेकरांच्या ठिकाण्यात, म्हणजे जागिरीच्या कारभारात. सरदारांची जागिरीची गावं उज्जैनच्या आजूबाजूला, आणि शहरात गोपाळ मंदिरापलीकडे, नदीकडे उतरत जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची कचेरी. कचेरीच्या मागे शिलेखाना, बाजूला घोड्यांची पागा, आणि अगदी खाली, उतारावर, एक ठेंगणं दगडी कोठार. शिलेखान्यात ठिकाण्याच्या शिपायांच्या बंदुका असत. त्या शिपाई पुसत. काडतुसांना मात्र विनायकरावांखेरीज कोणी हात लावायचा नाही असा नियम होता, आणि तो सरदारांनी नव्हे, विनायकरावांनीच केलेला होता. एखाद्या शिपायाच्या हातून काडतूस खाली पडलं तर पोटचं पोर पडल्यासारखे धावायचे. मग अर्धा तास बोलणी. शिपाई मान खाली घालून ऐकत आणि पाठ फिरली की त्यांची नक्कल करत.

खंडेनवमीला मराठी घरांतून शस्त्रांची पूजा होते. कोणी तलवार मांडतं, कोणी विळा-कोयता, कचेरीतले लोक दौत-लेखणी. जिनसीवाल्यांच्या पाटावर काडतुसं मांडली जात, पिढीप्रमाणे, एका ओळीत. पहिलं पणजोबांचं, कागदाचं. कागदाच्या पुंगळीत दारू आणि शिशाची गोळी. टोक दातांनी फाडायचं, दारू नळीत ओतायची आणि गोळी गजानं ठासायची. पावसात कागद भिजला की बंदुकीची काठी व्हायची. या कागदाला लावलेल्या चरबीवरून सत्तावन्न साली रान पेटलं ते सगळ्यांना माहीत आहे. दुसरं आजोबांचं, स्नायडर बंदुकीचं. पातळ पितळी पत्रा गुंडाळून केलेली नळी, बुडाशी लोखंडी चकती आणि चकतीच्या मधोमध ठिणगी पाडणारी टोपी. दारू, गोळी आणि ठिणगी एकाच डबीत आली. ठासायचं काही उरलंच नाही, मागून सरकवलं की काम झालं. तिसरं वडिलांचं, मार्टिनीचं, बाटलीसारखं गळ्याशी बारीक. तेही आधी गुंडाळलेल्या पत्र्याचंच असे. पण बंदूक तापली की पत्रा चुरगळायचा, आत अडकायचा, आणि समोरून शत्रू येत असताना शिपाई सुरीनं तो उकरत बसायचा. अशी माणसं मेल्यावर इंग्रजाला शहाणपण आलं. मग पितळेची एक चकती घेऊन ती यंत्रात दाबत, ओढत, पुन्हा ओढत, बिनसांध्याची अखंड नळी काढायला लागले. चौथं काडतूस विनायकरावांचं, थ्री-नॉट-थ्रीचं. सडसडीत, अखंड पितळेचं, आत बिनधुराची दारू.

इंग्रजाला जुनं झालं की ते दरबाराला मिळायचं, दरबाराला जुनं झालं की जागीरदाराला. त्यामुळे पाटावरची ही ओळ जगाच्या एक पाऊल मागूनच चालत आली. बंदुकांचं जे झालं तेच बंदुकांबद्दलच्या माहितीचंही झालं. ती आमच्या गावात शेवटी पोचायची, नाहीतर पोचायचीच नाही.

“पितळच का, अण्णासाहेब?” असं एखादा नवा शिपाई विचारायचा आणि विनायकराव खुलायचे. “देखो, बार छूटा तो पीतल छाती फुलाता है. नली को चिपक जाता है, आग पीछे नहीं आती. फिर साँस छोड़ता है, छोटा होता है, और आराम से बाहर. कागज ये नहीं करता, लोहा ये नहीं करता.” सांगताना स्वतःही छाती फुगवून दाखवायचे, आणि त्या काटकुळ्या छातीकडे पाहून शिपायांना हसू आवरायचं नाही.

घराण्याची शिकवण एकच: काडतुसाचा वैरी ओल. म्हणून विनायकराव काडतुसं पेट्यांत कोंडून ठेवत नसत. लाकडी ताटांवर ओळीनं मांडत आणि वर भैरवगडचं छापील कापड सैल अंथरत, म्हणजे धूळ बसणार नाही आणि हवा खेळती राहील. पावसाळा सरला की त्यांतली काही रानात नेऊन झाडून पाहत. जिनसीवाल्यांच्या हातचा बार कधी फुकट गेला नाही, असं गावात म्हणत. ही एकच गोष्ट त्यांच्याजवळ होती. ना जमीन, ना मुलगा, ना फार शिक्षण. हा एक लौकिक, आणि तो ते जिवापाड जपत होते.

ठिकाण्याचे कारभारी तात्या रिसबूड सगळ्याच बाबतींत त्यांच्या उलट. गोल चेहरा, तोंडात पान, रागावलेल्या माणसालाही हसवून वाटेला लावण्याची कला. दोघांची दोस्ती तरुणपणापासूनची आणि भांडणंही तेव्हापासूनचीच. महायुद्ध संपल्यावर काडतुसांचा शेवटचा मोठा माल तात्यांनीच कलकत्त्याला जाऊन पारखून आणला होता.

“पारखून म्हणजे काय?” विनायकराव तेव्हा म्हणाले होते. “तुम्हाला काडतूस आणि कुंकवाचा करंडा यातला फरक तरी कळतो का?”

“कळत नाही म्हणून तर तुमच्या हवाली केलं,” असं म्हणून तात्यांनी पानाचा डबा पुढे केला. माल चांगला होता. पहिल्याच पावसाळ्यानंतर रानात झाडून पाहिला, एकही बार चुकला नाही. विनायकरावांनी ते कबूल मात्र केलं नाही.

मग देश स्वतंत्र झाला. ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासची संस्थानं मिळून मध्यभारत झालं, आणि पाठोपाठ जागिरी काढून घेण्याचा कायदा आला. सरदार मुंबईला जाऊन राहिले. शिपायांना घरी बसवणार हे ठरलं. ठिकाण्यातल्या प्रत्येक घरात तेव्हा एकच चर्चा होती, नव्या सरकारात कोणाला घेणार? हत्यारांचा ताबा घ्यायला नेमलेला इन्स्पेक्टर एकदा येऊन सगळं पाहून गेला. ताटांवरची काडतुसं पाहून त्यानं मान डोलावली. “जिनसीवालेजी, बरसात के बाद चार्ज लूँगा. सब चालू हालत में मिल जाये, तो हमारे मालखाने में आपकी जगह पक्की समझो.” तात्यांनाही शब्द मिळाला होता. ठिकाण्याचा ताबा स्वच्छ दिला तर तहसिलीत घेणार होते.

विनायकरावांनी पन्नाशी ओलांडलेली. या वयात दुसरं काही शिकणं शक्य नव्हतं आणि शिकायची इच्छाही नव्हती. जो काही जन्म उरला तो काडतुसांजवळ जावा, एवढंच त्यांना हवं होतं. सगळं आता एका पावसाळ्यावर येऊन ठेपलं होतं.

आणि नेमकं त्या उन्हाळ्यात सरकारनं कचेरी आणि शिलेखाना दोन्ही आपल्या दफ्तरासाठी घेतले. बंदुका पोलिसांकडे गेल्या. काडतुसं ताबा होईपर्यंत ठिकाण्यानंच सांभाळायची होती, आणि ती कुठे हलवायची यावरून दोघांची जुंपली.

“खालच्या कोठारात टाका,” तात्या म्हणाले. “पेट्यांत भरा, झाकणं ठोका आणि विसरून जा. चार महिन्यांचा तर सवाल आहे.”

“तिथं भिंतीला हात लावला तर हात ओला होतो, तात्या. क्षिप्रेला पूर आला की पायरीला पाणी टेकतं.”

“पेट्या फळ्यांवर चढवू.”

“ओल फळीला विचारून वर येते का?”

“मग कुठं ठेवता? महाकालाच्या गाभाऱ्यात?”

“पागेत,” विनायकराव म्हणाले.

पागेची जागा खरोखर चांगली होती. उंच जोतं, फरसबंद जमीन, मोठाल्या खिडक्या, कितीही पाऊस पडो, आत थेंब येणार नाही असं छप्पर. सरदारांचे घोडे अजून विकले गेले नव्हते, ते एका बाजूला बांधलेले. दुसऱ्या टोकाचा कप्पा रिकामा होता. विनायकरावांनी तो धुऊन घेतला, तट्ट्या लावल्या, ताटं मांडली. तात्यांनी पुष्कळ वेळा सांगून पाहिलं, “अहो, बंद पेटीला काय होतंय?” शेवटी विनायकरावांनी एक वाटी मीठ कोठारात ठेवलं आणि एक पागेत. पहिल्या झडीनंतर कोठारातल्या मिठाचं पाणी झालं. पागेतलं मीठ थोडं ओलसर झालं, पण मीठच राहिलं. दोन्ही वाट्या तात्यांपुढे आणून ठेवल्या. “चाखून बघा,” म्हणाले. तात्यांनी हात जोडले. तो विजय विनायकराव घरी बायकोला, दुर्गाबाईंना, पुढचे दोन-चार दिवस सांगत होते.

पावसाळा जोराचा झाला. घोडे बाहेर काढता येईनात, दिवसदिवस तिथंच बांधलेले. खाली टाकलेलं गवत भिजून कुजायचं आणि मुताची डबकी साचायची. माणसं कमी केलेली, साफसफाई करायला एकच जण, तोही मनात येईल तेव्हा उगवणारा. दुर्गाबाई एकदा निरोप घेऊन पागेत गेल्या आणि पदर नाकाला लावूनच उभ्या राहिल्या.

“अहो, इथं उभं राहवत नाही. डोळे चुरचुरतात, नाकात नुसती झणझण होते.”

“घोड्यांची पागा आहे ही, अत्तराचं दुकान नाही,” विनायकराव म्हणाले. “वास असू दे. ओल कुठं आहे ते दाखव.” त्या बिचाऱ्या काय दाखवणार? ओल नव्हतीच.

खंडेनवमीला सकाळी अंघोळ करून ते पागेत गेले. पाटावर मांडायला ओळीतलं चौथं काडतूस दरवर्षी ताटातून नवं घेत. एक उचललं, धोतराच्या सोग्यानं पुसलं, आणि पुसताना गळ्यापाशी नख अडकलं. वाटलं, कापडाचा दोरा चिकटलाय. दोरा निघेना. उजेडात नेऊन पाहिलं तर केसाएवढी चीर, गळ्यापासून खाली उतरलेली. ते बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं. त्यालाही चीर. तिसरं धड होतं. चौथ्याची गोळी बोटांनी फिरवली तर गळ्यात सैल फिरली. मग त्यांनी पाहणं थांबवलं आणि तिथंच जमिनीवर बसले.

पितळ जरा काळवंडलं होतं, बाकी काही नाही. हिरवा डाग नाही, बुरशी नाही. कोणी आपटलेली नाहीत, तापवलेली नाहीत. हातही न लावता जागच्या जागी फुटली होती. कागदाच्या काळापासून चालत आलेल्या घराण्यात असलं काही कोणी पाहिलं नव्हतं, ऐकलं नव्हतं. त्यांनी एक फुटकं काडतूस घरी नेलं आणि चीर पाटाकडे करून ओळीत मांडलं. दुर्गाबाईंनी हळदकुंकू वाहिलं. त्यांना काही कळलं नाही.

तात्यांना मात्र त्याच दिवशी बोलावून दाखवलं. तात्यांचं पान तोंडात तसंच राहिलं.

“ओल?”

“ओल नाही. मीठ बघा हवं तर.”

“मग?”

विनायकरावांनी काडतूस पुन्हा उजेडात धरलं. ताबा द्यायला काही आठवडे होते. तेवढे दिवस त्यांना धड झोप नव्हती, अन्न जात नव्हतं. उलटसुलट करून ते एकाच गोष्टीपाशी येत. आपला हात बरोबर, आपली रीत बरोबर. जागा तर एवढी बरोबर, की तिच्यासाठी भांडून ती मिळवलेली. मग चूक आणखी कशात असणार? पितळेत. माल आला तोच खोटा आला; वरून चकचकीत, आतून नासका. पाच-सहा वर्षांत तो उघडा पडला. हे एकदा मनात बसल्यावर त्यांना जरा बरं वाटलं. ते खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्याला निदान आपण खोटं बोलतोय एवढं तरी ठाऊक असतं. यांना तेही नव्हतं. माणसाला आपल्या रीतीचा इतका अभिमान असू नये. हे त्यांना सांगायला हवं होतं, पण सांगणार कोण? तात्यांना वाट्या दाखवून झाल्या होत्या.

इन्स्पेक्टर दिवाळीनंतर आला. सभ्य माणूस, आवाज न चढवणारा. त्यानं काही काडतुसं निवडून आपल्या शिपायाला माळावर झाडायला लावली. पहिलं उडालं. दुसऱ्याला मागून फस्सकन धूर आला आणि शिपायानं तोंड फिरवलं. तिसरं आत फुटून असं अडकलं, की ओढताना बूड तेवढं हातात आलं. छाती फुगवून श्वास सोडायचं सोडून पितळ आतच मरून पडलं होतं. विनायकराव खाली मान घालून उभे होते.

“जिनसीवालेजी, ये तो सब गये काम से,” इन्स्पेक्टर म्हणाला. “ये हुआ कैसे?”

“साहब, जगह आपने देखी. एकदम सूखी है.” विनायकराव म्हणाले. “हमारे घर में चार पीढ़ी से एक बार फालतू नहीं गया. माल ही खोटा आया था.”

“लाया कौन था?”

तात्या शेजारीच उभे होते. विनायकरावांना क्षणभर वाटलं, तात्याच बोलतील. काहीतरी गमतीचं बोलून वेळ मारून नेतील, नेहमी नेत तशी. तात्या बोलले नाहीत.

“कारभारीजी,” विनायकराव म्हणाले. “कलकत्ते से. खुद पसंद करके.”

तात्यांनी त्यांच्याकडे पाहिलं. इन्स्पेक्टरनं दोघांची नावं लिहून घेतली.

विनायकरावांना घेतलं नाही. खराब काडतुसांचा राखणदार कोणाला हवा असतो? तात्यांनाही घेतलं नाही, आणि वर खोटा माल आणल्याचा ठपका आला. बाकीचं काम उज्जैनच्या लोकांनी केलं. खोटा माल आणला म्हणजे स्वस्तात आणला, स्वस्तात आणला म्हणजे मधले पैसे खाल्ले, असं पटनी बाजारापासून रामघाटापर्यंत पोचायला वेळ लागला नाही. ज्यांच्या मुलांच्या मुंजीत तात्या घरच्यासारखे वावरले होते, ते लोकही हे बोलले. विनायकराव तसं कधी बोलले नाहीत. पण कोणी बोलताना त्यांनी कोणाला थांबवलंही नाही.

पुढे ते फ्रीगंजात एका स्टोव्ह दुरुस्तीच्या दुकानात बसू लागले. पितळेशी तेवढं नातं राहिलं. दिवसभर बर्नर साफ करायचे, पिना घालायच्या, टाकीची गळती झाळून द्यायची. येईल त्याला सांगायचे, काय माल होता तो, वरून सोनं आणि आत माती! मनात एक राग धरून बसले होते. तात्यांनी एकदा घरी यावं, चूक झाली म्हणावं. बास, एवढंच. ते सगळं सोडून द्यायला तयार होते. तात्या आले नाहीत. रस्त्यात दिसले तर लांबूनच हात जोडत आणि गल्लीत वळत. घमेंड बघा, असं विनायकराव दुर्गाबाईंना म्हणत. ठपका बसल्याच्या दुसऱ्या वर्षी तात्या वारले. हृदयाचं काहीतरी निघालं. विनायकराव चक्रतीर्थाच्या स्मशानात गेले, मागे उभे राहिले आणि परत आले. माफी न मागता गेला, हे त्यांच्या मनात तिथंही होतं.

मग मध्यभारतही गेलं. आठ वर्षांचं राज्य, तेही मोडून मध्यप्रदेशात घातलं आणि राजधानी भोपाळला नेली. लगेच दिवाळी होती. सुलू आणि जावई सुहास दिवाळसणाला इंदूरहून आले. सुहास कॉलेजात रसायन शिकवायचा. साधा, भला मुलगा. फराळाला बसल्यावर बोलणं नव्या राज्यावरून जुन्या ठिकाण्यावर आलं आणि विनायकरावांनी आपली कहाणी लावली. सुलूनं ती इतक्यांदा ऐकली होती की ती उठून आत गेली. सुहासनं पहिल्यांदाच पुरती ऐकली.

“गळ्याशी चिरली? आपोआप?” त्यानं विचारलं. “अण्णा, ठेवली कुठं होती?”

“पागेत. एकदम कोरडी जागा.”

“घोडे होते?”

“होते की. दुसऱ्या बाजूला.”

“आणि पावसाळा.” सुहासनं चिवड्याची बशी खाली ठेवली. वर्गात एखादं अवघड गणित सुटल्यावर मास्तराला होतो तसा त्याला आनंद झाला होता. “अहो, हे तर जुनंच प्रकरण आहे! इंग्रजांच्या फौजेत असंच व्हायचं, इथंच, हिंदुस्थानात. पावसाळ्यात पागेजवळ ठेवलेली काडतुसं फुटायची. त्यांनी शोध लावला त्याचा. पितळ ओढून नळी काढतात ना, तेव्हा धातूत ताण राहून जातो. घोड्याच्या मुतातून तिखट वायू निघतो, अमोनिया, डोळ्यांना झोंबतो तो. पावसाळी हवेत तो ताणलेल्या पितळेला लागला की पितळ चिरतं. गळ्याशी ताण जास्त, म्हणून तिथंच आधी. आमच्या पुस्तकात आहे हे सगळं.”

“पुस्तकात,” विनायकराव म्हणाले.

“हो, पंचवीस-तीस वर्षं तरी झाली असतील.”

तीस वर्षं! त्या तीस वर्षांत हे पुस्तकातून निघून उज्जैनपर्यंत आलं नाही. आमच्याकडे बंदूक आली, काडतूस आलं, ते फुटतं हे शेवटी कळलं, आणि का फुटतं हे एका जावयानं चिवडा खाताखाता सांगितलं. याचा राग कोणावर काढायचा? विनायकरावांनी काढला नाही. त्यांनी फार हळू आवाजात विचारलं, “म्हणजे माल चांगला होता?”

“चांगलाच असणार. पितळेचा काही दोष नाही त्यात.”

“आणि तीच काडतुसं बंद पेटीत, ओल असलेल्या कोठारात ठेवली असती तर?”

“नुसत्या ओलीनं?” सुहासनं विचार केला. “काळी पडली असती थोडीफार. दोन-चार वाया गेली असती. बाकीची उडाली असती, अण्णा.” मग त्यानं चिवड्याची बशी पुन्हा उचलली. आपण काय सांगितलं ते त्याला कळलं नाही. आतून सुलूनं अनारसे आणले, ते कोणी घेतले नाहीत.

भाऊबिजेचा दिवस जाऊ दिला आणि विनायकराव तात्यांच्या घरी गेले. घर म्हणजे आता सिंहपुरीतल्या एका माडीवरची खोली. तात्यांची बायको, मंगलाबाई, दक्षिणेकडून येणाऱ्या यात्रेकरूंचा स्वयंपाक करून देत. त्या तांदूळ निवडत बसल्या होत्या. इतक्या वर्षांनी दारात विनायकरावांना पाहून त्यांनी पदर सावरला. “या भावजी,” म्हणाल्या आणि बसायला पाट दिला.

विनायकराव बसले नाहीत. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पागा, घोडे, तो वायू, चीर. माल चांगला होता. तात्यांची पारख बरोबर होती. कोठारात ठेवा म्हणाले तेही बरोबर होतं. चूक माझी झाली, वहिनी, आणि मी नाव त्यांचं घेतलं. सांगताना शब्द मागेपुढे होत होते. पण त्यांनी काही लपवलं नाही. त्यांना वाटत होतं, या बाईनं आता शिव्या घालाव्यात, पाट फेकून मारावा, हवं तर साऱ्या माडीला ऐकू जाईल असं ओरडावं.

मंगलाबाईंनी सूप बाजूला ठेवलं.

“त्यांनी पैसे खाल्ले नाहीत, हे मला माहीतच होतं,” त्या म्हणाल्या. “पण माल खोटा होता, हे त्यांनी मानलं होतं, भावजी. तुम्ही म्हणालात म्हणून. मी म्हटलं, अहो, त्यांचंही चुकलं असेल. तर माझ्यावर चिडले. काडतुसाच्या बाबतीत विनायकरावांचं चुकणार नाही, म्हणाले, माझ्याच डोळ्यांना कळलं नाही, माझ्यामुळं त्या माणसाची नोकरी गेली. तुमच्याकडं यायचं म्हणून किती वेळा चपला घातल्या त्यांनी. खाली रस्त्यापर्यंत जायचे आणि परत यायचे. कोणत्या तोंडानं जाऊ, म्हणायचे.”

विनायकराव पाटावर बसले. मंगलाबाईंनी डोळे पुसले आणि विचारलं, “चहा टाकू?”